कढीलिंबाच्या कुंडीवर मॅक्रो

मॅक्रो, म्हणजे बारीक जिवांचे अगदी जवळून फोटो, शिकायचंय म्हटलं की लोक आधी लेन्सचे भाव विचारतात. मी विचारते, घरात कढीलिंबाची कुंडी आहे का? आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गच्चीवर पाऊस लागला की लिंबाचं फुलपाखरू कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालून जातं, टाचणीच्या डोक्याएवढं, फिकट पिवळं. त्यातून निघालेली अळी काळपट-पांढरी, हुबेहूब पाखराची शीट. मोठी झाली की हिरवीगार. ना पळते, ना उडते, फांदीवर खात बसते. फक्त घरच्यांना बजावून ठेवा. आमच्या सासूबाई अळी दिसली की फांदीच छाटतात.

कॅमेरा असेल तर जुनी ५० मिमीची लेन्स आणि ती उलटी बसवायची कडी, म्हणजे रिव्हर्स रिंग, पुरते. लेन्स उलटी बसवली की चित्र जवळजवळ १:१ येतं, म्हणजे अळी जेवढी, तेवढीच कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर. लेन्सवर अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्राची, कडी हवीच, कारण उलट्या लेन्सशी कॅमेऱ्याचा संबंध तुटतो आणि छिद्र हातानेच लहान-मोठं करावं लागतं. ऑटोफोकसही गेला. त्याचं दुःख करू नका. इतक्या जवळून तो तसाही चाचपडतच राहतो. फोकसची कडी सोडा, कोपरं कठड्यावर टेकवा आणि स्वतःच केसभर पुढे-मागे डोला. झुलता झुलता लागोपाठ फोटो काढायचे.

खरी मारामारी इथेच आहे. एफ ८ ला (एफचा आकडा मोठा, तेवढं छिद्र लहान) स्पष्ट दिसणारी पट्टी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. म्हणून अळी चौकटीत आडवी धरा, तिचं अंग सेन्सरला समांतर. अळीचं डोकं पुढच्या फुगीर भागाखाली दडलेलं असतं. फुगवट्यावर फोकस गेला तर चेहरा हरवतो. ती पानाची कड कुरतडत असताना खालून, बाजूने घ्या. जास्त स्पष्ट हवं म्हणून एफ २२ वर जाल तर सगळंच मऊ पडेल. १:१ ला एफ ८ मुळात एफ १६ सारखं वागतं. एफ ८ ते ११, बस.

एवढ्या बारीक छिद्रातून उजेड कुठला यायला? फ्लॅश लागतोच, शटर १/२०० सेकंद. पण उघडा फ्लॅश मारलात तर अळीच्या ओल्या पाठीवर पांढरे डाग पडतात. वेफरच्या पाकिटाची चकचकीत बाजू आत घेऊन पुठ्ठ्याचं नरसाळं करा, तोंडाला बटर पेपरचे दोन थर लावा आणि ते अळीच्या अगदी डोक्यावर आणा. उजेड मऊ करणाऱ्या बाजारातल्या महागड्या डिफ्यूझरपेक्षा मला हेच आवडतं.

काडीने डिवचू नका. चिडली की डोक्यामागून नारिंगी दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. फोटो झकास येतो हे खरं, पण तिला त्रासच.

चतुर, म्हणजे ड्रॅगनफ्लाय, मात्र गच्चीवर जमत नाहीत. थंडीत कमाटीबागेत सकाळी लवकर जा, गारठलेले असतात, ऊन चढलं की उडाले. तिथे ९०-१०० मिमीची मॅक्रो लेन्स कामाची. उलट्या लेन्सला चार-पाच बोटांवर जावं लागतं, तेवढं ते जवळ येऊ देत नाहीत.