गाडी बदलली, ट्रेलर तोच: ब्रेकचं वायरिंग कसं जुळवायचं

नव्या गाडीच्या मागे सॉकेट आहे, ट्रेलरचा प्लग त्यात खटकन बसतो, आणि तरीही ब्रेक दाबला की ट्रेलरचे दिवे पेटत नाहीत. फॉग लॅम्प लावला तर ट्रेलरची चाकंच जखडतात. मुंबईत ट्रेलर ओढणारे तसे मोजकेच: मार्वेला होडी ठेवणारे, घोडे घेऊन पुण्याला जाणारे, कार्यक्रमांना जनरेटर पुरवणारे. त्यामुळे नेहमीच्या वायरमनच्या हाताखालून असं काम क्वचितच गेलेलं असतं आणि तो रंगाला रंग जोडून मोकळा होतो. बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

जुनी गाडी अजून दारात असेल तर हे काम होईपर्यंत ती विकू नका. ज्या गाडीमागे ट्रेलर नीट चालत होता, तिच्या सॉकेटवर खरी माहिती मिळते. एकाला आत बसवा आणि तुम्ही मल्टीमीटर घेऊन मागे बसा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळं टोक अर्थिंगच्या पिनला आणि लाल टोक एकेका पिनला लावत जा. आतल्याने टेल लॅम्प, डावा इंडिकेटर, उजवा, ब्रेक, रिव्हर्स, फॉग असं एकेक चालू करायचं. वहीत पिन क्रमांक, वायरचा रंग आणि काम असे तीन रकाने भरा. क्रमांक प्लास्टिकवर बारीक कोरलेले असतात, तेच लिहा. ‘वरून दुसरी’ असं लिहिलंत तर फसाल, कारण सॉकेटमधला क्रम प्लगमध्ये समोरून उलटा दिसतो. मग हाच तक्ता नव्या गाडीच्या सॉकेटचा करा. जुनी गाडी गेलीच असेल तर ट्रेलरचा प्लग उघडून प्रत्येक वायर कुठे जाते ते शोधावं लागेल. वेळखाऊ आहे, पण पर्याय नाही.

आता रंगांकडे वळू. युरोपात रुळलेल्या सात पिनांच्या पद्धतीत, म्हणजे आयएसओ १७२४ मध्ये, पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्या, पांढरी अर्थिंगची, लाल ब्रेकलाइटची, तपकिरी उजव्या टेल लॅम्पची, काळी डाव्या टेल लॅम्पची आणि निळी मागच्या फॉग लॅम्पची. अमेरिकन सात पात्यांच्या प्लगमध्ये पिवळी, हिरवी आणि पांढरी याच कामाच्या दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण तिथे निळी वायर इलेक्ट्रिक ब्रेकची आहे! काळी ट्रेलरची बॅटरी चार्ज करणारी, तपकिरी दोन्ही टेल लॅम्पची, आणि ब्रेकलाइटला वेगळी वायरच नाही. निळीला निळी जोडली की फॉग लॅम्पचं बटण ट्रेलरचे ब्रेक लावतं, ते यामुळे. परदेशातून आलेला होडीचा ट्रेलर असेल तर तो कुठून आला हे आधी विचारून घ्या.

अमेरिकन ट्रेलरवर एकच बल्ब ब्रेक आणि इंडिकेटर अशी दोन्ही कामं करतो. आपल्याकडच्या गाड्यांना इंडिकेटर वेगळा असतो. म्हणून गाडीची ब्रेकलाइटची वायर ट्रेलरच्या पिवळ्या आणि हिरव्या दोन्ही वायरींना थेट जोडली तर त्या दोन एकमेकींना जोडल्या जातात आणि डावीकडे वळताना दोन्ही बाजू लुकलुकतात. इथे तीन सिग्नलांचे दोन करणारा कन्व्हर्टर लागतो. डायोड लावून भागवू, असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. डायोड उलटा प्रवाह अडवतो, पण ब्रेक दाबलेला असताना इंडिकेटर लुकलुकतच नाही.

ट्रक आणि पिकअप यांच्यात अदलाबदल करत असाल तर व्होल्टेज बघा. मोठ्या ट्रकना २४ व्होल्ट असतात, पिकअप आणि एसयूव्हीला १२.

नव्या गाड्यांत दिवे संगणक सांभाळतो. त्यांच्या ब्रेकलाइट किंवा इंडिकेटरच्या वायरला ट्रेलरचा २१ वॅटचा बल्ब, म्हणजे जवळजवळ पावणेदोन अँपिअरचा भार, परस्पर जोडू नये. गाडी चूक दाखवते, इंडिकेटर भलत्या वेगाने लुकलुकतो, वॉरंटीवरून वाद होतो तो वेगळाच. गाडीकडून फक्त इशारा घेणारं आणि प्रवाह थेट बॅटरीकडून ओढणारं ट्रेलर मॉड्यूल बसवा. इथे पैसे वाचवू नयेत.

मग ब्रेक. ट्रेलरच्या दांड्याला मागेपुढे सरकणारा भाग असेल तर ते ओव्हररन ब्रेक. ट्रेलर गाडीवर रेलला की ते आपोआप लागतात आणि त्यांना विजेची गरज नसते. काही हायड्रॉलिक प्रकारांना मात्र रिव्हर्स लाइटची वायर लागते. ती नसेल तर मागे घेताना ब्रेक लागतात आणि ट्रेलर हलत नाही.

इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर ड्रममधल्या एका मॅग्नेटला साधारण ३ अँपिअर लागतात. एका मॅग्नेटचा रोध सुमारे ३ ते ४ ओहम असतो. म्हणून प्लग काढून निळी आणि पांढरी यांच्यात मोजल्यावर दोन ब्रेकच्या ट्रेलरला त्याच्या निम्मा आकडा यावा. दुप्पट आला तर एक मॅग्नेट तुटलेला आहे, शून्याजवळ आला तर शॉर्ट. ट्रेलरच्या ब्रेकना किती प्रवाह द्यायचा हे ठरवणारा कंट्रोलर गाडीत हवाच. त्याच्या चार वायरी असतात: बॅटरी, अर्थिंग, ब्रेक स्विचचा इशारा आणि ट्रेलरकडे जाणारी निळी. बॅटरीची वायर फ्यूज लावून थेट बॅटरीवर न्या. निळी आणि अर्थिंग किमान अडीच चौरस मिलिमीटरची घ्या, चार ब्रेक असतील तर चारची. वायर लोहार चाळीत मिळेल, मीटर आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडला.

अर्थिंग हुकच्या बॉलवर सोडू नका. बॉलला ग्रीस असतं आणि आपल्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. ब्रेक दाबल्यावर सगळेच दिवे मंद पेटत असतील तर अर्थिंग गेलंय असं धरून चाला. चिमटा मारून टोचायचे जोड पावसाळ्याभरात हिरवे पडतात, म्हणून डाख द्या आणि त्यावर हीट श्रिंक नळी, म्हणजे तापवल्यावर आवळली जाणारी नळी, चढवा.

चाचणी मोकळ्या आवारात घ्या. आधी प्लग गाडीतून काढून ब्रेकअवेची, म्हणजे ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक लावणाऱ्या स्विचची, पिन ओढा, ट्रेलरची चाकं घट्ट अडली पाहिजेत. मग पिन परत बसवा, प्लग लावा आणि ताशी ३०-४० किलोमीटरला कंट्रोलरचा गेन, म्हणजे ब्रेकचा जोर, वाढवत जा. चाकं घसटली की थोडा कमी करा. माल भरल्यावर पुन्हा जुळवा. रिकाम्या ट्रेलरवर ठरवलेला गेन भरलेला ट्रेलर घेऊन खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना पुरत नाही.

हुक बसवण्याबद्दल आरटीओत विचारून घ्या, ट्रेलरची स्वतःची नोंदणीही बघा. आणि होडीचा ट्रेलर पाण्यात उतरवण्याआधी प्लग काढून ठेवत जा. नाहीतर तापलेले बल्ब गार पाण्यात तडकतात.