इटालियन क्रियापदं चालवताना या चुका टाळा

शाळेत ज्यांनी संस्कृतचे धातू चालवलेत, त्यांना इटालियनची रूपं फारशी परकी वाटणार नाहीत. क्रियापदाच्या शेवटचं 'आरे', 'एरे' किंवा 'ईरे' काढायचं आणि पुरुष-वचनाप्रमाणे प्रत्यय लावायचा. पार्लारे म्हणजे बोलणे: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो. तक्ता दोन दिवसांत पाठ होतो. घोळ होतो तो तोंड उघडल्यावर.

सगळ्यात जास्त चुकतो तो जोर. 'पार्लाते'मध्ये तो 'ला'वर असतो, त्याच ओघात 'पार्लानो'लाही 'ला'वर दिला जातो. तिथे तो 'पार्'वर हवा. 'मी'च्या रूपात जोर जिथे, तिथेच 'ते'च्या रूपात. आबितारे, म्हणजे राहणे: आबितो, आबितानो, दोन्हींत जोर 'आ'वरच. प्रत्ययावर तो सरकतो फक्त आम्ही आणि तुम्हीच्या रूपांत. म्हणून तक्ता वरून खाली घोकू नका, जोड्या मोठ्याने म्हणा: पार्लो-पार्लानो, प्रेन्देरेचं (घेणे) प्रेन्दो-प्रेन्दोनो.

हो, प्रेन्दोनो. 'एरे' आणि 'ईरे' गटांत शेवटी 'ओनो' येतं. 'प्रेन्दानो' म्हटलंत तर तेही खरंखुरं रूप आहे, पण 'त्यांनी घ्यावं' अशा अर्थछटेचं.

'ईरे'वाल्यांची खरी गंमत पुढे आहे. दोर्मीरे (झोपणे) सरळ चालतं: दोर्मो, दोर्मी, दोर्मे. कापीरे (समजणे) मात्र मध्ये 'इस्क' घेतं: कापिस्को, कापिश्शी, कापिश्शे, कापिस्कोनो. आम्ही-तुम्हीत ते गायब होतं: कापियामो, कापीते. तिथेही 'इस्क' घुसवू नका. ओळखायचं कसं? रोमन स्पेलिंगमध्ये शेवटून पाचवं अक्षर बघा. स्वर असेल (फिनीरे, पुलीरे) तर बहुधा 'इस्क' लागतं. व्यंजन असेल (पार्तीरे, आप्रीरे) तर बहुधा नाही. बहुधाच, कारण कोस्त्रुईरे (बांधणे) व्यंजन असूनही कोस्त्रुइस्को होतं आणि कुचीरे (शिवणे) स्वर असूनही नुसतं कुचो. त्यामुळे नवं क्रियापद वहीत लिहिताना शेजारी 'मी'चं रूप लिहाच.

लिहितानाही एक जागा सांभाळायची. चेर्कारे (शोधणे) आणि पागारे (पैसे देणे) यांच्या 'तू' आणि 'आम्ही'च्या रूपांत सी-जीनंतर एच घालावा लागतो, नाहीतर चेर्कीचं चेर्ची वाचलं जातं. लेज्जेरेला (वाचणे) मात्र एच लावू नका. तिथे लेग्गो, लेज्जी असा उच्चारच बदलतो.

बोलतो-बोलते हा भेद वर्तमानकाळात नाही. दर वाक्यात 'इओ' (मी) लावायचीही गरज नाही. आपण 'उद्या येतो' म्हणतो, तसंच.

मराठी माणूस हमखास अडकतो तो आदरार्थात. आपला आदर अनेकवचनी, म्हणून अनोळखी माणसाला 'पार्लाते' म्हणावंसं वाटतं. प्रमाण इटालियनमध्ये आदराचं सर्वनाम 'लेइ' आणि त्याचं क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी. डॉक्टरांना, दुकानदाराला विचारायचं ते 'पार्ला इन्ग्लेझे?' असं. नेपल्सकडे वडीलधाऱ्यांना 'वोइ' म्हणून 'पार्लाते' लावलेलंही ऐकू येतं, पण शिकणाऱ्याने 'लेइ'च धरावं. समोर दोघं-तिघं असतील तेव्हा मात्र पार्लातेच.