उत्तरेला चमकणारे ढग

एडिनबरा किंवा कोपनहेगनकडे राहत असाल, तर जून-जुलैत आकाश निरभ्र असलेल्या रात्री, सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांनी उत्तरेचं क्षितिज मोकळं दिसेल अशी जागा गाठा. (महाराष्ट्रातून हे चमकणारे ढग दिसत नाहीत.) ब्रह्महृदय तारा तिथेच खाली लुकलुकत असतो, त्याच्या आसपास निळसर-रुपेरी लाटा दिसतात का पाहा. हेच नॉक्टिल्युसंट ढग, म्हणजे सुमारे ८२ किलोमीटर उंचीवरचे बर्फाचे बारीक कण. आपल्यासाठी मावळलेल्या सूर्याचं ऊन त्या उंचीवर अजून पोचत असतं. नेहमीचे ढग त्या वेळी काळपट दिसतात, हीच खूण. द्विनेत्रीतून ओल्या वाळूवरच्या वळ्यांसारखी नक्षी इतकी सुरेख दिसते, की फोटोची घाई नकोच. काहीच दिसलं नाही, तर पहाटेआधी ईशान्येला पुन्हा बघा.