जेवणानंतर रक्तातील साखर उतरत असेल तर
जेवणानंतर २ ते ४ तासांनी हात थरथरणे, घाम फुटणे किंवा गळून गेल्यासारखे वाटणे असा त्रास वारंवार होत असेल, तर आहारातील गोड पदार्थ वाढवू नयेत, उलट कमी करावेत. कारण झपाट्याने पचणाऱ्या कर्बोदकांमुळे साखर एकदम चढते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवते आणि साखर खाली घसरते. दर ३ तासांनी थोडे खावे, प्रत्येक वेळी प्रथिने व तंतुमय पदार्थ असावेत आणि उपाशीपोटी मद्य टाळावे. लक्षणे जाणवताच ग्लुकोमीटरने साखर मोजावी, निव्वळ अंदाजावर विसंबू नये. ती ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी किंवा जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना भेटावे.