घसा हर्पीसचा, गोळी भलतीच: या चुका टाळा

‘मामा, घसा दुखतोय, ती तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या.’ फोंड्यातल्या माझ्या फार्मसीत पावसाळा असो की उन्हाळा, हे वाक्य ऐकल्याशिवाय शटर खाली येत नाही. ती स्ट्रिप म्हणजे अझिथ्रोमायसीन, एक अँटिबायोटिक. ‘आरशात तोंड उघडून बघितलंस का?’ असं विचारलं की समोरचा असा बघतो, जणू मी त्याची जन्मपत्रिका मागितली. घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. तरी स्ट्रिप हवीच.

त्या विषाणूंपैकी एक हर्पीस सिम्प्लेक्स, प्रकार १. ताप आल्यावर ओठावर फोड उठवतो तोच. नाव ऐकून चेहरे पाडू नका, बायकोकडे संशयाने बघू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या अंगात हा विषाणू आहे. बऱ्याच जणांना तो लहानपणी घरच्यांच्या लाळेतूनच मिळतो आणि पुष्कळांना कळतही नाही. पहिल्याच खेपेला जोर केलाच, तर लहान मुलांच्या हिरड्या आणि ओठ सोलवटून निघतात. कॉलेजच्या वयात किंवा मोठेपणी तो टॉन्सिलवर उतरतो.

न बघता औषध घेणं

बाकीच्या निम्म्या चुका इथूनच निघतात. खिडकीपाशी उभं राहा, मोबाइलचा टॉर्च लावा, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबा आणि ‘आ’ करा. हर्पीसमध्ये आधी बारीक पाणीदार फोड येतात, पण ते लगेच फुटतात. मग दिसतात ते पिवळट-करड्या बुडाचे, लाल कडांचे उथळ व्रण: टॉन्सिलवर, टाळूला, कधी जिभेवर, कधी ओठाच्या आतून. बरेचदा हिरड्या सुजतात, ब्रश लागला की रक्त. सोबत ताप, आणि जबड्याखाली हात लावू देत नाहीत अशा गाठी. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूने घसा धरला तर टॉन्सिल लालबुंद होतात, वर पूही दिसतो, पण असे फोड आणि व्रण सहसा नसतात. घोटाळा होतो तो हर्पीसनेही टॉन्सिलवर पांढरा थर धरला की. तेव्हा डॉक्टरसुद्धा स्वॅब घेतात. जिवाणू निघाला तर अँटिबायोटिक घ्यायलाच हवं, डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस, नाहीतर संधिज्वर आणि पुढे हृदयाच्या झडपांचं दुखणं मागे लागू शकतं. माझा राग अँटिबायोटिकवर नाही, अंदाजपंचे घेण्यावर आहे.

फर्मागुडीला खोली घेऊन राहणारा एक इंजिनीअरिंगचा मुलगा आठवतो. घसा दुखायला लागल्यावर रूममेटच्या कपाटातल्या उरलेल्या दोन अझिथ्रोमायसीन घेतल्या. ताप हटेना, म्हणून दुसऱ्या कुठल्याशा दुकानातून अमॉक्सिसिलीन हे आणखी एक अँटिबायोटिक आणलं. त्यात काकाने फोनवरून सल्ला दिला, काजूच्या फेणीने गुळण्या कर, सगळे किडे मरतील. फेणीत चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं. उघड्या व्रणांवर ते ओतलं की माणसाला दिवसा तारे दिसतात. माझ्याकडे आला तेव्हा त्याला थुंकीही गिळवत नव्हती. हातात रुमाल, त्यात लाळ पुसत खुणेनेच बोलत होता. मला फक्त एक प्रश्न, तोही मोबाइलवर टाइप करून दाखवला: ‘परवा पेपर आहे, स्ट्राँग काय आहे?’ टॉर्च लावला. टाळूला व्रणांची रांग, हिरड्या सुजलेल्या, ओठाच्या कोपऱ्यात दोन फोड. औषध न देता रिक्षात बसवून कान-नाक-घसा डॉक्टरांकडे पाठवला. त्यांनी अॅसायक्लोव्हिर हे हर्पीसवरचं औषध लिहून दिलं खरं, पण या औषधाचा चांगला गुण येतो तो पहिल्या ७२ तासांत सुरू केल्यावर, आणि ते तास फेणीच्या गुळण्यांत वाहून गेले होते. पेपर बुडाला. पोट बिघडलं ते वेगळंच.

‘स्ट्राँग’ मागणाऱ्यांना एकच सांगतो: हे दुखणं दहा ते चौदा दिवस चालतं, औषध घेतलं तरी एका रात्रीत जात नाही. अॅसायक्लोव्हिर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं, साधारण दिवसातून पाच वेळा घ्यावं लागतं आणि पाणी भरपूर प्यावं लागतं, नाहीतर मूत्रपिंडांना त्रास. ‘सकाळ-संध्याकाळ घेतलं तर नाही का चालणार?’ नाही. दिवसातून कमी वेळा घ्यायचं हवं असेल तर डॉक्टरांना विचारा, त्याच जातीचं दुसरं औषध आहे. आणि ओठावर लावायचं ५ टक्क्यांचं मलम बोटाने घशात लावू नका. होय, लावणारे आहेत.

थंड बंद, आंबट चालू

ही आमच्या गोंयकारांची खास चूक. मुलाच्या तोंडात व्रण, आणि आजी म्हणते थंड देऊ नको, घसा बसेल. त्याऐवजी काय? कोमट सोलकढी, ‘पित्तावर बरी’. वर हुमण-भात. कोकमाचा आंबटपणा आणि मिरची लागली की पोर किंचाळतं, मग पाणीही नाकारतं. हर्पीसमध्ये मुलं दवाखान्यात भरती होतात ती बहुधा अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे.

माझी पद्धत साधी आहे. वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल द्यायचं, अर्धा तास थांबायचं, मग खायला-प्यायला द्यायचं. गार शहाळ्याचं पाणी, ताजं दही, थंड केलेली पातळ पेज, आइस्क्रीम सुद्धा. आइस्क्रीमने विषाणू वाढत नाही, दुखरी जागा बधिर होते. पेल्याला तोंड लावत नसेल तर सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतून पाच-पाच मिली, दर काही मिनिटांनी. कंटाळवाणं काम आहे, पण दुकानात अर्धा तास औषधांवर हुज्जत घालण्यापेक्षा बरं. आठ तासांत लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, जीभ कोरडी, मूल मलूल: मग थेट डॉक्टर.

बधिर करणारं लिग्नोकेनचं जेल मोठ्यांनी जेवणाआधी थोडंसं लावावं आणि खाताना सावकाश खावं, घसा बधिर असला की ठसका लागतो. तान्ह्या बाळाला ते स्वतःच्या मनाने कधीच लावू नये.

तोंड आल्यावर लावायची स्टिरॉइडची पेस्ट हर्पीसच्या व्रणांवर चालत नाही. घरात पडली असेल तर पडू दे.

मुलांना अॅस्पिरिन नाही. विषय संपला.

अमॉक्सिसिलीन घेतल्यावर अंगभर लाल पुरळ उठलं तर दर वेळी अॅलर्जीच असेल असं नाही. हर्पीसच्याच घराण्यातला एपस्टीन-बार विषाणूही असाच घसा धरतो, आणि त्यात या औषधाने पुरळ येतं. डॉक्टरांना दाखवा. या विषाणूने पोटातली प्लीहा सुजते आणि धक्क्याने फुटू शकते, म्हणून काही आठवडे फुटबॉल बंद. हे ऐकून आमची पोरं तापापेक्षा जास्त कण्हतात.

फोड फक्त घशाच्या मागच्या बाजूला, हिरड्या साफ, आणि हाता-पायांवरही पुरळ? मग तो बहुधा कॉक्ससॅकी विषाणू. अॅसायक्लोव्हिरचा तिथे उपयोग नाही.

तोंडात बोट घालून तेच डोळ्याला लावू नका. डोळा लाल होऊन दुखायला लागला तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. श्वास घेताना आवाज येणं, तोंड उघडता न येणं, घशात राखाडी पडदा दिसणं, झटके किंवा असंबद्ध बोलणं: रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा, गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तर पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घसा बरा झाला तरी विषाणू अंगातून जात नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत तो झोपून राहतो, आणि ताप, ऊन, जागरण यांनी पुन्हा ओठावर उगवतो. मोठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण जन्मून काही आठवडेच झालेल्या बाळाला तो जिवावर बेतू शकतो. म्हणून चवथीला घरात बाळंतीण असेल तर ओठावर फोड असलेल्याने बाळाला उचलून मुके घेऊ नयेत, मग तो सख्खा आजोबा का असेना. रुसले तर नेवऱ्या देऊन समजूत काढा, पण फोडावर खपली धरून ती पडेपर्यंत बाळ हातात देऊ नका.