फँटसी बेसबॉल: सप्टेंबरात टीम कशी सांभाळायची

फँटसी बेसबॉल म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे खरे प्लेअर निवडून आपण मोबाइलवर टीम करायची, आणि त्यांच्या खऱ्या मॅचमधल्या आकड्यांवर, एकेका कॅटेगरीत, आपली हारजीत ठरते. ऑगस्ट संपला की आमच्या लीगमधले निम्मे जण टीम उघडून बघायचं बंद करतात, आणि खरी लीग तिथनंच सुरू होते. न्यू जर्सीतल्या चुलतभावानं ही लीग काढली, बारा टीम, त्यात आम्ही चौघं सांगलीचे, पैसेबियसे काही नाही, शेवटच्या नंबरवाल्यानं सगळ्यांना भडंग पाठवायचा. तर यावर्षी पहिल्यांदा खेळणारे बरेच जण विचारतायत की शेवटच्या तीन-चार आठवड्यांत नेमकं काय करायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मोठ्या नावांचा मोह सोडा. एप्रिलमध्ये पहिल्या राउंडला घेतलेला प्लेअर आहे, त्याला कसं सोडायचं असं वाटतं, पण सप्टेंबरात त्यानं आधी काय केलं याला शून्य किंमत, उरलेल्या दिवसांत तो किती मॅच खेळणार एवढंच बघायचं. २०२३ ला माझ्याकडं ओहतानी होता, पिचिंग (बॉल टाकणं) आणि बॅटिंग दोन्ही करणारा. ऑगस्टच्या शेवटी कोपर गेलं म्हणून पिचिंग बंद झालं, तरी बॅटिंग चालू होती, मग सप्टेंबरच्या सुरुवातीला बरगडीजवळचा स्नायू दुखावला आणि आज खेळेल उद्या खेळेल करत मी त्याला दोन आठवडे लाइनअपमध्ये धरून बसलो. सोळा तारखेला टीमनं सांगितलं सीझन संपला. माझी सेमीफायनल दोन होमरननी (आपल्या सिक्ससारखे फटके) गेली, आणि त्याच्या जागी वेव्हरवरचा (कुणाच्याच टीममध्ये नसलेला) कुणीही रोज खेळणारा बॅटर टाकला असता तर ते दोन होमरन निघण्यासारखे होते. अजून लागतं ते मनाला. आमच्याकडं तासगावला द्राक्षात विरळणी करताना चांगले दिसणारे घडसुद्धा काढतात, हात धजत नाही पण काढावेच लागतात, तसंच आहे हे.

दुसरं, आपली लीग कुठल्या प्रकारची आहे ते बघून डोकं चालवा. पूर्ण सीझनची बेरीज करून प्रत्येक कॅटेगरीतल्या नंबरावर पॉइंट मिळत असतील तर आता सगळ्या कॅटेगरी सारख्या हलत नाहीत. समजा तुमच्या टीमच्या १२०० इनिंग झाल्यात आणि ईआरए (दर नऊ इनिंगला पिचरच्या खात्यात गेलेले रन, कमी तेवढा चांगला) ३.६० आहे, म्हणजे ४८० रन गेलेत. आता पुढच्या ६० इनिंग पिचरनी ३.०० नं टाकल्या तरी एकूण येतो ३.५७. एवढा जीव काढून तीन शतांश! बॅटिंग ॲव्हरेजचं पण तेच. पण सेव्ह (थोडक्यातली आघाडी शेवटी राखणं) आणि स्टील (पळून पुढचा बेस चोरणं) या मोजायच्या गोष्टी आहेत, तिथं दोन-तीननं पुढं गेलात तरी एक-दोन पॉइंट मिळून जातात. म्हणून स्टँडिंग उघडा, प्रत्येक कॅटेगरीत वरच्याशी आणि खालच्याशी किती फरक आहे तो कागदावर लिहा, जिथं फरक छोटा तिथंच माणूस लावा.

स्टीलसाठी आता सोपं झालंय. २०२३ पासून बेस १५ इंचाचे १८ इंच झाले, पिच क्लॉक (बॉल टाकायला ठरावीक सेकंद) आलं, बेसवरच्या रनरला बाद करायला पिचरला एका बॅटरसमोर दोनदाच जागा सोडता येते, त्यामुळं २०२२ ला सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून २४८६ स्टील होत्या त्या पुढच्या वर्षी ३५०३ झाल्या. प्लेऑफच्या शर्यतीतून बाहेर पडलेल्या टीम सप्टेंबरात पोरांना संधी देतात, रोस्टर (टीममधले प्लेअर) पण २६ चं २८ होतं, त्यातले पळणारे पोरगे वेव्हरवर फुकट पडलेले असतात.

पिचरच्या बाबतीत मात्र लई सावध. आठवड्यात दोन स्टार्ट (सुरुवातीपासून पिचिंग करायच्या मॅच) असलेला पिचर सगळ्यांना हवा असतो, पण सप्टेंबरात टीमा सहावा पिचर आत घालतात आणि रविवारचा दुसरा स्टार्ट सरकून पुढच्या आठवड्यात जातो. तरुण पिचरच्या इनिंगवर मर्यादा असते, २०१२ ला वॉशिंग्टननं स्ट्रासबर्गला १५९ इनिंगनंतर थेट घरी बसवला आणि ती टीम तेव्हा प्लेऑफला चालली होती! ज्यांचं प्लेऑफ पक्कं झालंय त्यांचे मोठे प्लेअर शेवटच्या आठवड्यात दोन-तीन इनिंग खेळून बाहेर येतात, म्हणून आपल्या फँटसी लीगची फायनल शेवटच्या आठवड्यात ठेवूच नका, एक आठवडा आधी संपवा. २०२२ पासून मेजर लीगच्या बारा टीम प्लेऑफला जातात, त्यामुळं काठावरच्या टीमा शेवटपर्यंत झुंजतात, त्यांचे प्लेअर भरवशाचे.

बॅटर निवडताना मैदान बघा. कोलोरॅडोचं घरचं मैदान डेन्व्हरला, ते १६०० मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंच, हवा विरळ, बॉल लांब जातो. कोलोरॅडोच्या घरच्या सहा मॅच असतील त्या आठवड्यात त्यांचे साधे बॅटर पण घ्या, पिचर कुणाचाही तिथं लावू नका. आणि वेव्हरवरचे प्लेअर घ्यायला बोली लावायचे खोटे डॉलर उरले असतील ते खर्च करून टाका, पुढच्या वर्षी ते येत नाहीत. समोरच्याला क्लोजर (सेव्ह मिळवणारा शेवटचा पिचर) हवा असेल तर तुम्हाला नको असला तरी तुम्हीच घ्या.

आता दर आठवड्याला एकाशी एक भिडणाऱ्या (जास्त कॅटेगरी जिंकेल तो पुढं) लीगवाल्यांसाठी, रविवार रात्र सगळ्यात महत्त्वाची. तिकडच्या दुपारच्या मॅच आपल्याकडं साडेदहाच्या पुढं सुरू होतात. २०२४ ची सेमी, १५ सप्टेंबर, बाहेर नवव्या दिवसाच्या विसर्जनाचे ढोल, आणि मी गच्चीवर मोबाइल घेऊन हिशोब करतोय. माझ्या ५० इनिंग, १९ रन, ईआरए ३.४२. समोरच्याचा ३.६०. माझा एक पिचर बाकी. त्यानं चार इनिंगमध्ये पाच रन दिले तर मी थेट ४.०० वर. स्ट्राइकआउटमध्ये (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) १४ नं मागं, ते एका पिचरनं भरून निघणार नाहीत, विनमध्ये (पिचरच्या नावावर लागलेले विजय) दोननं पुढं. मग त्याला खेळवून मिळणार काय? दहा वीसला त्याला बेंचवर टाकला आणि खाली आरतीला गेलो. ईआरए राहिला, फायनल मिळाली. पण एक बघा, तुमच्या लीगमध्ये किमान इनिंगचा नियम असेल तर तो आधी पूर्ण झालाय ना ते तपासून मगच बेंच करा.

फायनलला ओहतानी समोरच्याकडं होता. शुक्रवारी पहाटे उठून बघतो तर मायामीत सहापैकी सहा हिट, तीन होमरन, दोन स्टील, दहा आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन). होमरन, आरबीआय, रन, तिन्ही एका मॅचमध्ये गेले, ॲव्हरेज पण गेल्यातच जमा. अशा वेळी लोक घाबरून आणखी होमरन मारणारे शोधतात. मी उलट केलं, दोन होमरनवाले ड्रॉप केले, एक पळणारा आणि एक क्लोजर घेतला, गेलेल्या चार कॅटेगरी सोडून दिल्या आणि उरलेल्या सहा धरून ठेवल्या. रविवारी रात्री दीडला स्टील १३-१२ झाली, सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी पेज रिफ्रेश केलं तर ६-४.