घटनादुरुस्तीतून स्वायत्त प्रदेश: मसुदा कसा बांधायचा

नकाशा बाजूला ठेवा, आधी दुरुस्तीची रीत वाचा. बेल्जियममध्ये कोणती कलमं बदलायची ते संसद आधी जाहीर करते; मग ती विसर्जित होते आणि निवडणुकीनंतरची नवी सभागृहं दोन तृतीयांश मतांनी दुरुस्ती करतात. एखादं कलम यादीतून सुटलं, तर त्या कार्यकाळात त्याला हात लावता येत नाही.

मग अधिकारांची वाटणी. ‘शिक्षण प्रदेशाकडे’ एवढं लिहून भागत नाही. अभ्यासक्रम, शिक्षकभरती, इमारती आणि निवृत्तिवेतन हे चारही वेगवेगळे लिहा. यादीत नसलेले विषय कुणाचे, तेही लिहा, नाहीतर उद्याचा प्रत्येक नवा विषय न्यायालयात जाईल.

सगळ्यात जास्त घोळ पैशात होतो. जबाबदारी दिली आणि कर केंद्राने ठेवले, तर स्वायत्तता कागदावरच राहते. कराचा वाटा सूत्रासकट घटनेत किंवा विशेष बहुमताच्या कायद्यात घाला. साध्या बहुमताने तो कधीही कापला जातो.

वादग्रस्त शहराचा निकाल टाळू नका. बेल्जियमच्या डच भाषिक फ्लँडर्स आणि मुख्यतः फ्रेंच भाषिक वॉलोनिया या प्रदेशांना १९८० मध्ये स्वतःची सरकारं मिळाली, पण दोन्ही भाषांच्या वादात अडकलेल्या ब्रुसेल्सला १९८९ पर्यंत थांबावं लागलं.

शेवटी संक्रमणाची कलमं: नवा कायदा होईपर्यंत जुना चालू, आणि कर्मचारी, मालमत्ता, कर्ज कुणाकडे ते तारखेसह.